वादग्रस्त धर्मपुस्तकं आणि कॅथलिक चर्च : आमच्या वाचन गटात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) आम्ही दहा-बाराजण पुस्तकं घेऊन बसतो, दोघंतिघं ऐरोली आणि वाशीहून येतात, एक काका थेट उत्तनहून. कुठलंही पुस्तक काढलं की पहिली दहा मिनिटं एकाच विषयावर जातात, हे वाचलेलं चालतं का, याला रोमची, म्हणजे व्हॅटिकनची, परवानगी आहे का, अमुक फादरवर कारवाई झाली होती ना. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी धर्मगुरू नाही, साधा पॅरिशमधला, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीतला, माणूस आहे, पण गेली काही वर्षं या विषयाची मूळ कागदपत्रं मिळतील तशी वाचत आलोय आणि त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच इथे आहे.

चर्चनं बॅन केलेलं पुस्तक घरात ठेवलं तर पाप लागतं का?

आज कॅथलिक चर्चकडे बंदी घातलेल्या पुस्तकांची यादीच नाही. होती, चारशे वर्षं होती, तिला इंडेक्स म्हणायचे, पण १४ जून १९६६ ला रोमनं जाहीर केलं की यापुढे ही यादी कायदा म्हणून लागू नाही आणि त्याबरोबरच्या शिक्षाही नाहीत. मात्र त्याच कागदात असंही म्हटलंय की तिचं नैतिक वजन कायम आहे, म्हणजे ज्या वाचनानं आपली श्रद्धाच धोक्यात येईल असं वाटतं त्यापासून सांभाळायची जबाबदारी आता तुमच्या स्वतःच्या विवेकावर आहे. त्यामुळे कपाटात पुस्तक असणं हे पाप नाही. आमच्या गटातल्या एक आजी अजूनही लहानपणची भीती मनात धरून आहेत आणि त्यांना मी दर वेळी हेच सांगतो, आजी, ते १९६६ ला संपलं.

इंडेक्स होतं तरी काय? त्यात कोणकोण होतं?

पोप पाउल चौथे यांनी १५५९ मध्ये पहिली रोमची यादी काढली, ती इतकी कडक होती की ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६४ मध्ये सुधारून नवी काढावी लागली, मग १५७१ मध्ये त्यासाठी वेगळं खातंच उघडलं. शेवटची आवृत्ती १९४८ ची. त्यात देकार्त, कांट अशी तत्त्वज्ञ मंडळी होती, आणि व्हिक्टर ह्यूगोची ल मिझराब्ल ही कादंबरीसुद्धा १८६४ पासून १९५९ पर्यंत होती. पण डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक त्या यादीत कधीच नव्हतं आणि हिटलरचं आत्मचरित्रही नव्हतं, हे ऐकून लोक चक्रावतात. त्याचं एक कारण असं की रोम काही जगातलं प्रत्येक पुस्तक उघडून बघत नव्हतं, कोणीतरी तक्रार केली की फाईल उघडायची, त्यामुळे कशावर तक्रार झाली आणि कशावर नाही यावर बरंच अवलंबून होतं. मला वाटतं ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण तक्रारीवर चालणारी पद्धत आजही पूर्ण गेलेली नाही.

अजून एक प्रकार होता, "दुरुस्त होईपर्यंत स्थगित". कोपर्निकसच्या पुस्तकाचं १६१६ मध्ये हेच झालं, १६२० मध्ये दुरुस्त्यांची यादी निघाली आणि ज्यांच्याकडे प्रत होती त्यांनी त्या त्या ओळी शाईनं खोडायच्या किंवा बदलायच्या होत्या. पुस्तक जाळलं नाही, ओळी खोडल्या, आणि खोडलेल्या प्रती आजही युरोपातल्या लायब्ररींमध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

पुस्तकाच्या सुरुवातीला "निहिल ऑब्स्टाट" आणि "इम्प्रिमातुर" लिहिलेलं असतं, ते काय?

ही चांगली सवय आहे, पुस्तक हातात आलं की आधी नावाच्या पानामागचं पान बघायचं जिथे छापखाना आणि किंमत असते. तिथे एका फादरचं नाव आणि "निहिल ऑब्स्टाट" असतं, म्हणजे बिशपनं नेमलेल्या परीक्षकानं वाचलं आणि त्याला अडथळा दिसला नाही. त्याखाली बिशपचं नाव, तारीख आणि "इम्प्रिमातुर", म्हणजे छापलं जावं. लेखक एखाद्या धर्मसंघाचा असेल, जेझुइट वगैरे, तर त्याच्या वरिष्ठांचं "इम्प्रिमी पोतेस्त" पण असतं, छापता येईल.

आता यातली मुख्य गोष्ट. इम्प्रिमातुर म्हणजे बिशपना पुस्तक आवडलं किंवा त्यातलं सगळं त्यांना पटलं असं नाही, श्रद्धेच्या आणि नीतीच्या विरोधात त्यात काही दिसलं नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि ते मिळालं म्हणजे पुढे काही होणार नाही याची गॅरंटी पण नाही. गॅलिलिओच्या १६३२ च्या ज्या पुस्तकावरून खटला झाला त्याला रोमचं इम्प्रिमातुर होतं! पुढच्या वर्षी, २२ जून १६३३ ला, त्यांना गुडघ्यावर बसून आपलं मत मागे घ्यावं लागलं.

कायदा कुठल्या पुस्तकांना लागतो ते पण बघा. १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, कलम ८२२ ते ८३२ मध्ये हे आहे. बायबल छापायला रोम किंवा बिशपांच्या परिषदेची मंजुरी लागते, कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला) बिशपची लागते, शाळा-कॉलेजात धर्मशास्त्र शिकवायला पाठ्यपुस्तक म्हणून जे वापरतात त्याला लागते. बाकी धर्मावरच्या पुस्तकांसाठी परवानगी घ्यावी अशी शिफारस आहे, सक्ती नाही. पण चर्चमध्ये विकायला, वाटायला किंवा मांडायला धर्मविषयक पुस्तक ठेवायचं तर मंजुरी हवीच. त्यामुळे मिस्सानंतरच्या स्टॉलवर एखादं पुस्तक नाही म्हणजे ते बॅन आहे असं लगेच समजू नका, कदाचित त्याला मंजुरी घेतलेलीच नसेल.

आणि हे सगळं आपल्या भाषेला नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावरच इन्क्विझिशनची (श्रद्धेविरुद्धच्या गोष्टींची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची) आणि धर्मप्रांताची परवानगी असल्याचं पोर्तुगीजमध्ये छापलेलं होतं. ओव्या मराठी, लिपी रोमन आणि वर परवानगी. मराठीतलं एवढं मोठं ख्रिस्ती काव्य त्या दारातून बाहेर आलं हे मला दर वेळी आठवतं, कारण परवानगी म्हणजे फक्त गळचेपी असं म्हणणाऱ्यांना आणि परवानगी म्हणजे फक्त संरक्षण असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ते थांबून विचार करायला लावतं.

मग आज हे सगळं कोण बघतं?

पहिली जबाबदारी स्थानिक बिशपची. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई महाधर्मप्रांतात येतात त्यामुळे आपल्याकडे आर्चबिशप, आणि वसईचा धर्मप्रांत १९९८ पासून वेगळा आहे. त्यावर बिशपांच्या परिषदेची धर्मसिद्धांत समिती. आणि प्रकरण देशाबाहेर गाजलं किंवा गंभीर असलं तर रोममधलं खातं, जे १५४२ मध्ये पोप पाउल तिसरे यांनी इन्क्विझिशन म्हणून सुरू केलं, १९०८ पासून होली ऑफिस झालं, १९६५ मध्ये पोप पाउल सहावे यांनी त्याचं नाव आणि काम बदललं, आणि २०२२ पासून त्याला श्रद्धा-सिद्धांताची डिकास्टरी म्हणतात. खातं तेच, नावं चार.

चौकशी नेमकी कशी होते? लेखकाला बोलू देतात का?

इथे जरा वेळ घेतो कारण खरा वाद इथेच आहे, पुस्तकात काय आहे यावर कमी आणि माणसाला कसं वागवलं यावर जास्त.

८ नोव्हेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेत) जर्मनीतल्या कलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की होली ऑफिसची पद्धत या काळाला शोभत नाही, माणसाचं ऐकून न घेता त्याला दोषी ठरवू नये. त्यांचे सल्लागार होते एक तरुण जर्मन धर्मशास्त्रज्ञ, योसेफ रात्झिंगर, आणि तेच १९८१ पासून २००५ पर्यंत त्या खात्याचे प्रमुख होते, मग पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. खरं तर ऐकून घ्या ही गोष्ट त्याहून जुनी आहे, पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७५३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पुस्तक पूर्ण वाचा, तुटक वाक्यं उचलू नका, नावाजलेला कॅथलिक लेखक असेल तर त्याचं ऐका. नियम होता, पाळला किती जायचा हा प्रश्न वेगळा.

सध्याची नियमावली २९ जून १९९७ ची आहे. साधारण असं चालतं. आधी खात्यातली माणसं पुस्तक तपासतात, मग तज्ज्ञांकडे देतात, आणि त्याच वेळी एक माणूस लेखकाच्या बाजूनं नेमतात, त्याचं काम म्हणजे पुस्तकातलं चांगलं काय आहे आणि लेखकाला खरंच काय म्हणायचंय ते मांडणं. मग सल्लागारांची बैठक, मग कार्डिनल्सची, मग पोपमहोदयांसमोर. त्यानंतर लेखकाच्या बिशपमार्फत किंवा वरिष्ठांमार्फत त्याला चुकीच्या वाटलेल्या मुद्द्यांची यादी जाते आणि लेखी उत्तराला ३ महिने मिळतात, तो सोबत एक सल्लागार घेऊ शकतो, समोरासमोर भेटही होऊ शकते. समाधान झालं तर फाईल बंद, नाही झालं तर पुढची पावलं.

कागदावर हे वाईट नाही. पण माझी अडचण सांगतो. पहिल्या सगळ्या टप्प्यात लेखकाला पत्ताच नसतो की आपलं पुस्तक टेबलावर आहे, त्याच्या बाजूनं बोलणारा माणूस रोमच निवडतं, आणि जे तपासतात तेच शेवटी निर्णयही देतात. आपल्या सोसायटीच्या भांडणात सुद्धा तक्रार कोणाची आहे ते आधी सांगतात. ज्या माणसानं चाळीस वर्षं चर्चसाठी शिकवलं त्याला एवढं तरी मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि हे म्हणणं चर्चविरोधी नाही, कार्डिनल फ्रिंग्ज यांनी सेंट पीटर्समध्येच म्हटलेलं आहे. १ जुलै २०२३ ला पोप फ्रान्सिस यांनी या खात्याच्या नव्या प्रमुखांना पत्र लिहिलं त्यात त्यांनीही मान्य केलं की पूर्वीच्या काळात इथे अनैतिक पद्धती वापरल्या गेल्या आणि धर्मज्ञान वाढवण्यापेक्षा चुका शोधण्यावर भर राहिला. पोपमहोदयच हे लिहितात तेव्हा आपण कुजबुजत बोलायची गरज नाही.

फादर टोनी डिमेलोंची पुस्तकं कॅथलिक माणसानं वाचावीत का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, कारण ते आपले. १९३१ मध्ये मुंबईत जन्म, जेझुइट, लोणावळ्याची साधना इन्स्टिट्यूट त्यांनी उभी केली, गोष्टी सांगून ध्यान शिकवायचे, त्यात सूफी, झेन, उपनिषदं, बायबल सगळं एका पंगतीला. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला अचानक गेले, वय ५५.

त्यांच्या लिखाणावरचं रोमचं नोटिफिकेशन, म्हणजे जाहीर अधिकृत निवेदन, २४ जून १९९८ चं आहे. म्हणजे माणूस जाऊन ११ वर्षं झाल्यावर. त्यात काय आहे ते लोक न वाचताच बोलतात म्हणून सांगतो. सुरुवातीलाच म्हटलंय की सगळीच पुस्तकं त्यांनी स्वतः छापायला दिलेली नव्हती. मग म्हटलंय की सुरुवातीच्या लिखाणात पूर्वेकडचा प्रभाव असला तरी ते ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतं, आणि मौनाचं, आतल्या मोकळेपणाचं जे ते सांगतात त्याचा उपयोग होऊ शकतो. आक्षेप आहेत ते पुढच्या लिखाणावर, की देव हा व्यक्ती म्हणून न राहता एक अस्पष्ट वैश्विक शक्ती होतो, आणि येशू ख्रिस्त हे देवाचे पुत्र न राहता अनेक गुरूंपैकी एक होतात. ही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत आणि गंभीर नुकसान करू शकतात, असा शेवट.

हे आक्षेप खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. ज्याला प्रभू येशू फक्त एक गुरू वाटतो त्याची श्रद्धा क्रीडमधल्या (मिस्सात म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीतल्या) श्रद्धेपेक्षा वेगळी आहे, हे सरळ आहे, आणि ते सांगणं चर्चचं कामच आहे. पण मेलेला माणूस ३ महिन्यांत उत्तर कसं देणार? फादरनी न छापलेल्या, भाषणांवरून दुसऱ्यांनी उतरवून काढलेल्या पुस्तकांची जबाबदारी त्यांच्यावर किती टाकायची? एका हॉलमध्ये हिंदू, पारशी, नास्तिक, नन्स सगळे बसलेले असताना सांगितलेली गोष्ट छापून आली की ती कॅटेकिझमच्या मापानं मोजायची का?

माझ्या उत्तनच्या मावशीची डिमेलोंच्या एका पुस्तकाची प्रत आता आमच्या गटाच्या कपाटात आहे, पावसाळ्यात पानं फुगलेली, मधे मधे पेन्सिलनं तिनं "हे खरं" असं लिहिलेलं. नोटिफिकेशननंतर एका पॅरिशच्या कपाटातून ही पुस्तकं एका दुपारी काढून रद्दीत घातली गेली, तिथे कोणी बैठक घेतली नाही, कोणी तो कागद वाचून दाखवला नाही, फक्त "वरून आलंय" एवढंच. मावशी तेव्हा तिथे झाडू मारायला आलेल्या बाईंना म्हणाली की मला एक द्या. तीच ही प्रत. कागदात पुस्तकं फेकून द्या असं एका ओळीतही नाही. नंतरच्या भारतीय प्रतींमध्ये सुरुवातीला एक सूचना छापलेली असते की ही पुस्तकं बहुधर्मीय वातावरणात, इतर धर्मांच्या आणि देव न मानणाऱ्या शोधकांना मदत म्हणून लिहिलेली आहेत, कॅथलिकांना सिद्धांत शिकवण्यासाठी नाहीत. माझ्या मते ही सूचना रद्दीपेक्षा हजारपट शहाणी आहे, वाचणाऱ्याला सांगते की तू कुठल्या खोलीत शिरतोयस, आणि दार बंद करत नाही.

तर माझं उत्तर : वाचा, सूचनेसह वाचा, नोटिफिकेशनही वाचा, ते फार मोठं नाही. कॅटेकिझमच्या मुलांना शिकवायला मात्र ही पुस्तकं घेऊ नका, ती त्यासाठी नाहीतच.

आपल्या भागातल्या अजून कोणावर कारवाई झाली?

दोन नावं माहीत असायला हवीत. श्रीलंकेचे फादर तिस्सा बालसूर्या, त्यांचं मरिया आणि मानवमुक्तीवरचं १९९० चं पुस्तक, मूळ पाप आणि पवित्र मरियेबद्दलच्या शिकवणीवर प्रश्न. रोमनं त्यांना श्रद्धेच्या एका विशिष्ट कबुलीवर सही मागितली, त्यांनी त्याऐवजी पोप पाउल सहाव्यांचा क्रीड स्वतःची एक अट जोडून सही केला, तो मान्य झाला नाही आणि २ जानेवारी १९९७ ला ७२ वर्षांच्या या माणसाला बहिष्कृत केलं गेलं. वर्षभरात, जानेवारी १९९८ मध्ये, समेट होऊन ते मागे घेतलं. एवढी मोठी शिक्षा वर्षभरात उठू शकते तर ती द्यायच्या आधी अजून थोडं बोलता आलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

दुसरे फादर जाक द्युपुई, बेल्जियमचे जेझुइट, १९४८ ते १९८४ भारतात, कुर्सिओंग आणि मग दिल्लीला शिकवलं, म्हणजे अर्ध्याहून जास्त भारतीयच. इतर धर्मांना देवाच्या योजनेत काय जागा आहे यावर त्यांनी १९९७ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि हा प्रश्न ज्याच्या शेजारी गणपती बसतो आणि ज्याच्या घरी शेजारणीचे मोदक येतात त्या प्रत्येक ठाणेकर कॅथलिकाचा आहे. १९९८ मध्ये चौकशी सुरू झाली, त्यांना रोममधलं शिकवणं थांबवावं लागलं, व्हिएन्नाचे कार्डिनल क्योनिग उघडपणे त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि शेवटी २००१ चं नोटिफिकेशन आलं त्यात चुका असं न म्हणता "संदिग्धता आणि अडचणी" असा शब्द आला, लेखकाला शिक्षा नाही, फक्त पुढच्या प्रत्येक आवृत्तीत आणि भाषांतरात नोटिफिकेशनचा मजकूर छापायचा. २००४ मध्ये ते गेले. एका शब्दाचा फरक, चूक की संदिग्ध, पण एका म्हाताऱ्या प्रोफेसरच्या आयुष्याची शेवटची वर्षं त्यात गेली.

शिक्षा काय काय असू शकतात?

बहुतेक वेळा पुस्तकाबद्दल जाहीर नोटिफिकेशन, बस. कधी कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ म्हणून शिकवायची परवानगी काढतात, हान्स क्युंग यांची १८ डिसेंबर १९७९ ला काढली, पण ते शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले. कधी काही काळ गप्प बसायला सांगतात, ब्राझीलच्या लेओनार्दो बोफ यांना १९८५ मध्ये सांगितलं होतं. बहिष्कार सर्वात शेवटी. आणि पाखंड हा शब्द लोक फार सैल वापरतात, धर्मसंहितेत त्याची व्याख्या आहे, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धेचं एखादं सत्य *हट्टानं* नाकारणं किंवा त्यावर हट्टानं संशय घेणं. प्रश्न विचारणं म्हणजे पाखंड नाही. चूक होणं म्हणजेही नाही.

चर्च कधी मत बदलतं का?

बदलतं, आणि त्याची उदाहरणं तुमच्या घरात भिंतीवर आहेत. दुपारी ३ वाजता दैवी दयेची माळ म्हणता ना? सिस्टर फाउस्टिना यांच्या लिखाणातून ती भक्ती आली, आणि मार्च १९५९ मध्ये होली ऑफिसनं त्या रूपात तिच्या प्रसारावर बंदी घातली होती. पोलंडमध्ये क्राकोच्या आर्चबिशपनी पुन्हा नीट तपास करून घेतला, मूळ पोलिश वह्या पाहिल्या गेल्या, एप्रिल १९७८ मध्ये बंदी उठली, त्याच वर्षी ते आर्चबिशप पोप जॉन पॉल दुसरे झाले, आणि ३० एप्रिल २००० ला फाउस्टिना संत. १९ वर्षं बंदी होती. त्या १९ वर्षांत ज्यांनी आज्ञा पाळून गप्प राहून वाट पाहिली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

इव्ह काँगार यांना १९५४ मध्ये शिकवण्यापासून दूर केलं, आंरी द ल्युबाक यांना १९५० मध्ये, आणि दोघंही व्हॅटिकन परिषदेचे तज्ज्ञ झाले, दोघंही पुढे कार्डिनल. अंतोनियो रोझमिनींची दोन पुस्तकं १८४९ मध्ये इंडेक्सवर गेली, मेल्यावर त्यांची ४० विधानं दोषी ठरवली, २००१ मध्ये रोमनं सांगितलं की ती कारणं आता लागू नाहीत, आणि २००७ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) केलं गेलं.

आमच्या गटातले एक हिंदू मित्र, ते नुसते ऐकायला येतात, म्हणाले हे तर तुकोबांच्या गाथेसारखं झालं, इंद्रायणीत बुडवली आणि तरंगून वर आली. मला ती तुलना आवडली. पण एक गोष्ट जोडतो, बुडवलेलं सगळंच तरंगत नाही, इंडेक्सवरची कितीतरी पुस्तकं विसरली गेली कारण ती विसरण्यासारखीच होती. वर कोण येणार हे त्या दिवशी काठावर उभ्या माणसाला कळत नाही, म्हणून काठावरच्या माणसानं जपून बोलावं.

व्हॉट्सअपवर येणारे "मरिया मातेचे संदेश" आणि दर्शनांची पुस्तकं, त्यांचं काय?

यावर १७ मे २०२४ ला नवे नियम आले. आता रोम सहसा "हे दैवी आहे" असं शिक्का मारून सांगणार नाही, सहा प्रकारचे निष्कर्ष ठेवलेत, सर्वात वरचा "निहिल ऑब्स्टाट", म्हणजे भक्ती करायला अडथळा नाही, दैवी असल्याची खात्री नाही. खासगी दर्शनावर विश्वास ठेवायची सक्ती कोणावरही नाही, अगदी मान्यता मिळालेल्या दर्शनावरही नाही. मारिया वाल्तोर्ता यांची येशूच्या आयुष्यावरची पुस्तकं नवी मुंबईत पण हातोहात फिरतात, ती १९५९ मध्ये इंडेक्सवर होती आणि मार्च २०२५ मध्ये रोमनं पुन्हा सांगितलंय की ती दैवी मूळची मानता येत नाहीत. कादंबरी म्हणून वाचा, पण "प्रभूनं असं सांगितलं" म्हणून फॉरवर्ड करू नका.

साधा पॅरिशनर या विषयावर मत मांडू शकतो का? फादर रागावतील.

धर्मसंहितेचं कलम २१२ सांगतं की चर्चच्या भल्याबद्दल आपलं मत धर्मगुरूंना कळवायचा हक्क भाविकांना आहे आणि कधी कधी ते कर्तव्यही आहे, आदर राखून. कलम २१८ अभ्यासकांना संशोधनाचं योग्य स्वातंत्र्य देतं. बहुतेक फादर रागावत नाहीत हो, त्यांना कोणी विचारतच नाही.

हे कागद वाचायचे कुठे? मराठीत आहेत का?

व्हॅटिकनच्या वेबसाईटवर नोटिफिकेशन्स मिळतात, इंग्रजीत आणि इटालियनमध्ये. मराठीत मला सापडलेली नाहीत, आणि खरं सांगायचं तर अर्धा गैरसमज त्यामुळेच आहे, कारण ज्या आजींना भीती वाटते त्यांना तो कागद वाचताच येत नाही, त्यांच्यापर्यंत फक्त "बॅन" हा एक शब्द पोहोचतो. म्हणून गेल्या दोन बैठकांत आम्ही डिमेलोंवरचं नोटिफिकेशन स्वतःच मराठीत करायला घेतलंय, "पर्सनल गॉड" ला काय म्हणायचं यावर पाऊण तास गेला, व्यक्तिरूप देव की सगुण देव, उत्तनचे काका सगुण म्हणाले आणि एक सिस्टर म्हणाल्या की सगुण म्हटलं की वेगळाच अर्थ येतो, ते अजून मिटलेलं नाही. पुढच्या दुसऱ्या रविवारी तिथूनच सुरू करायचंय. तयार झालेली पानं एका फाईलमध्ये घालून मावशीच्या त्या फुगलेल्या प्रतीशेजारी कपाटात ठेवली आहेत, किल्ली माझ्याकडे असते, मिस्सानंतर मागा.